किल्ट नेसण्याची व उतरविण्याची रीत

जुन्या चित्रांच्या संग्रहांत स्कॉटलंडांतील हायलँड प्रांताच्या शिपायांचीं चित्रें अधूनमधून हातीं येतात. असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजीं वेलस्लीच्या फौजेंत ७४ व ७८ या क्रमांकांच्या हायलँडर पलटणी होत्या. तेव्हां मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास हे लोक अगदींच परके नाहींत. त्या दिवशीं त्यांच्या अंगावर नेमकें काय होतें हा वाद येथें उपस्थित करावयाचा नाहीं. परंतु चित्रांतील किल्ट पाहून चित्राचा काळ ठरविणारे, इतकेंच नव्हे तर पट्ट्यांवरून घराण्याचें नांव सांगणारे संग्राहक आहेत, आणि तें वस्त्र नेसतात कसें हें ठाऊक नसल्यानें ते हटकून फसतात. म्हणून ही रीत देण्याचें योजिलें आहे.

आपण कमरेचें न शिवलेलें वस्त्र नेसतों, खांद्यावरचें पांघरतों व शिवलेला कपडा घालतों. किल्टचा बहुतेक इतिहास या तीन क्रियापदांत सांगतां येतो. जुना प्रकार म्हणजे थोरला किल्ट, गेलिक भाषेंतील फेला मोर. हें एकच लोंकरी वस्त्र नेसावयाचें व पांघरावयाचेंही असे. दोन पट्टे जोडून रुंद केलेलें सुमारें चार ते पांच यार्ड लांबीचें कापड जमिनीवर पसरावयाचें, त्याखालीं आडवा कमरपट्टा ठेवावयाचा, मधल्या भागास निऱ्या घालावयाच्या व दोन्ही टोंकें मोकळीं सोडावयाचीं. मग त्यावर उताणें निजून टोंकें पोटावर एकावर एक घ्यावयाचीं, पट्टा आंवळावयाचा व उठावयाचें. वरचा घोळ डाव्या खांद्यावर नेऊन टांचावयाचा. असें वर्णन सर्वत्र आढळतें. परंतु पावसाळी माळावर रोज सकाळीं कोणी चिखलांत निजत असेल हें प्रस्तुत लेखकास संभवनीय वाटत नाहीं. आंतल्या फासांतून दोरी ओंवून उभ्यानेंच नेसण्याची युक्तिही होती. उतरविणें मात्र अगदीं सोपें: पट्टा सोडला कीं सारें वस्त्र खालीं. रात्रीं तेंच पांघरूण होई. किलीक्रँकीच्या लढाईंत (१६८९) हायलँडरांनीं चाल करण्यापूर्वीं हीं वस्त्रें टाकून दिलीं ती याच सोईमुळें.

वरचा अर्धा भाग काढून टाकिला कीं धाकटा किल्ट, फेला बेग, उरतो. ही काटछांट ग्लेनगॅरी येथील लोखंडाच्या भट्टीचा इंग्रज मालक टॉमस रॉलिन्सन यानें केली असें इव्हान बेली याचें एक पत्र सांगतें. पत्र १७६८ चें, तें छापलें गेलें १७८५ त, आणि घटना त्याच्याही सुमारें चार दशकें आधींची. एवढ्या अंतरानें लिहिलेल्या एकट्या पत्रावर किती भार घालावा हें बखरींशीं झगडलेल्या वाचकास सांगावयास नको. पुढें १७४६ च्या कायद्यानें हा पोशाख बंद झाला व ती बंदी १७८२ पर्यंत टिकली. सरकारी पलटणी तेवढ्या तींतून वगळलेल्या होत्या. निऱ्या कायमच्या शिवलेला किल्ट अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतला. येथें नेसणें संपून घालणें सुरू झालें.

आजच्या किल्टास पट्ट्याच्या एकेरी रुंदीचें सुमारें आठ यार्ड कापड लागतें. खालीं वांकणें अवघड होतें म्हणून मोजे व जोडे आधीं चढवितात. मोज्याची दुमड गुडघ्याच्या वाटीखालीं तीन बोटें असावी. निऱ्या पाठीमागें येतील असें वस्त्र धरून उजवीकडचा सपाट पदर पोटावरून डावीकडे न्यावा. त्याचा चामडी बंद डाव्या बाजूच्या चिरेंतून बाहेर काढून बकलांत अडकवावा. मग डावीकडचा पदर त्यावरून उजवीकडे आणून तेथील बंद बांधावे. म्हणजे वरच्या पदराची कड नेसणाराच्या उजव्या मांडीवर येते. कमर बेंबीच्या वर, बरगडीच्या खालीं. घेर गुडघ्याच्या मध्यापर्यंत. गुडघे टेकून बसल्यास कड जमिनीस लागूं नये ही सोपी कसोटी. वरच्या पदरास लावावयाची टांचणी फक्त त्याच पदरांतून जावी; दोन्ही पदर एकत्र टोंचले तर चालतांना कापड फाटतें. पुढें स्पोरन ही थैली लोंबते. बसतांना मागच्या निऱ्या हातानें सारख्या कराव्या लागतात. धोतराच्या सोग्यासारखीच ही संवय आहे.

उतरवितांना क्रम उलटा: आधीं थैली, मग उजवे बंद, शेवटीं डावा. वस्त्र पायांत पडूं देऊं नये, कारण एकदां मोडलेल्या निऱ्या बसविणें कठीण. कमरपट्टीस चिमटे लावून टांगावें, किंवा निऱ्यांच्या दिशेनें गुंडाळी करून ती मोज्यांत घालून ठेवावी. जुन्या किल्टाची तपासणी करणारानेंही प्रथम बंदांची जागा पहावी. दुरुस्तींत ती बदललेली असते व मूळ माप तेथेंच हरवतें.

घराण्याच्या नांवाविषयीं अधिक सावध असावें. 'वेस्टियारियम स्कॉटिकम' हा ग्रंथ १८४२ त सोबिएस्की स्ट्युअर्ट या नांवानें वावरणाऱ्या दोघां बंधूंनीं छापला व तो एका प्राचीन हस्तलिखितावरून घेतल्याचें सांगितलें. तें मूळ पोथीरूपांत परीक्षेस कधींच ठेवलें गेलें नाहीं. वॉल्टर स्कॉटनें छपाईपूर्वींच त्याविषयीं शंका घेतली होती, आणि पुढील संशोधनानें ग्रंथ बनावट ठरला. तरी त्यांतील कित्येक पट्टे आजही घराण्यांचे म्हणून विकले जातात.

आतां चित्रांची गोष्ट. वरच्या पदराची कड नेसणाराच्या डाव्या बाजूस दिसली तर चित्रच उलटें असावें असा तर्क करावा. डागेरोटाइप आरशाप्रमाणें उलट उमटतो. तांब्यावर सरळ कोरलेलें चित्र कागदावर उलट छापलें जातें. तलवार कोणत्या बाजूस लोंबते हेंही त्याबरोबर ताडून पहावें, कारण ती सामान्यतः डाव्या कमरेस असते. मात्र हा नियम शिवलेल्या किल्टापुरता. थोरल्या किल्टांत टोंकें कोणी कशींही घेई, आणि चित्रकारानें किल्ट कधीं डोळ्यांनीं पाहिलाच नसेल तर दोन्ही कसोट्या व्यर्थ.