वैद्यांचे उत्पन्न : तुलना कोणाशी आणि कशी?

परदेशातील डॉक्टरांची कमाई डॉलरमध्ये वाचून तिचे रुपये करण्याची आपणांस सवय आहे. त्यातून फारसे निष्पन्न होत नाही. कारण तेथील घरभाडे, भाजीपाला व मजुरीही त्याच चलनात मोजली जाते. म्हणून ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित राष्ट्रांची संघटना वेगळे माप वापरते : डॉक्टराचे उत्पन्न त्याच देशातील सरासरी वेतनाच्या किती पट आहे? तिच्या अहवालांनुसार बहुतेक सदस्य देशांत सामान्य चिकित्सक सरासरीच्या सुमारे 2 ते 4 पट, तर विशेषज्ञ 2 ते 6 पट मिळवितात. मात्र काही देशांच्या आकड्यांत स्वतंत्र व्यावसायिकांचा दवाखान्याचा खर्च वजा केलेला नसतो.

नेमकी हीच मेख ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे स्वतःचा दवाखाना चालविणाऱ्यांच्या हिशेबातही असते. उदाहरणादाखल, महिन्याची जमा 1,00,000 रुपये धरू. गाळ्याचे भाडे 25,000, औषधी 20,000, मदतनिसाचा पगार 12,000 आणि वीज व किरकोळ खर्च 5,000 वजा जाता 38,000 उरतात. दोन्ही वेळचे मिळून रोज 9 तास व महिन्यास 26 दिवस काम केल्यास तासाला सुमारे 162 रुपये पडतात. तेवढेच वेतन घेऊन रोज 8 तास काम करणाऱ्या नोकरदारास सुमारे 183 रुपये पडतात. शिवाय भविष्य निर्वाह निधी व भरपगारी रजा वेगळ्या. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम व आंतरवासिता पूर्ण करून आलेल्या वैद्याने हा फरक ध्यानी घ्यावा.

औषधालयाच्या मालकांनीही विक्रीस उत्पन्न समजू नये. मालाची किंमत व इतर खर्च यांसोबत स्वतःच्या श्रमाचे वेतन आणि गुंतविलेल्या भांडवलावरील व्याज वजा केल्यावर उरतो तोच खरा नफा.

शासकीय सेवेतील वैद्यांपुढे प्रश्न निराळा आहे. गुजरातमधील प्रकरणात 26 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुर्वेद वैद्यांना एम.बी.बी.एस. डॉक्टरांइतके वेतन नाकारले. तातडीची सेवा, शस्त्रक्रियेतील साहाय्य व शवविच्छेदन यांतील कामाचा फरक हा त्यामागील मुख्य आधार होता. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये दोन्ही पद्धतींच्या डॉक्टरांच्या सेवाशर्तींतील समानतेचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला.

यातून घ्यावयाचा बोध असा की, समान वेतनाची मागणी पदवीपेक्षा प्रत्यक्ष कामाच्या नोंदींवर अधिक भक्कम उभी राहते. शासकीय सेवेतील वैद्यांनी आपल्या कामाची, तर खासगी व्यावसायिकांनी जमा, खर्च व तास यांची सलग 12 महिने नोंद ठेवावी. शुल्क ठरविताना आणि शासनाकडे गाऱ्हाणे मांडताना याच वह्या आपल्या कामी येतील.