तुरीवरचा ‘भुंगा’: फवारण्याआधी ओळखा

तूर फुलोऱ्यात आली की कृषी सेवा केंद्रात एक मागणी हमखास होते, ‘तुरीवर भुंगे आलेत, औषध द्या.’ पण कोणता भुंगा? आपल्याकडे फुले खाणाऱ्या भुंगेऱ्यालाही भुंगा म्हणतात आणि परागीभवन करणाऱ्या मोठ्या काळ्या माशीलाही. पहिला शेंगा कमी करतो, दुसरी वाढवते.

सकाळी पिकात पाच मिनिटे उभे राहा. फुलावर बसून पाकळ्या कुरतडणारा, काळ्या पाठीवर नारिंगी पट्टे असलेला किडा म्हणजे ब्लिस्टर बीटल. प्रमाण कमी असेल तर हातजाळीने गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवा. उघड्या हाताने चिरडू नका. त्याच्या अंगातील द्रवाने कातडीवर फोड येतात.

घोंघावत येऊन काही क्षणांत पुढच्या फुलावर जाणारा, निळसर-जांभळी झाक असलेल्या पंखांचा काळाभोर भुंगा वेगळा. ही कार्पेंटर बी. तिच्या वजनाने तुरीच्या खालच्या पाकळ्या दबतात आणि परागकण तिच्या अंगाला लागतात. ती वाळका बांबू, गोठ्याचे वासे कोरून घर करते, लाकूड खात नाही. वाशाला गोल भोक आणि खाली भुसा दिसला की घर तिचेच.

यातल्या एका जातीच्या मादीच्या पाठीवर दाट पिवळी लव असते. मोबाईलवरील चित्रे पाहून अनेक जण तिला बम्बलबी समजतात. खरी बम्बलबी भारतात काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडसारख्या थंड हिमालयी भागातली. आपल्या शिवारात ती शोधू नका. खूण पोटावर पाहा. बम्बलबीचे पोटही केसाळ असते, कार्पेंटर बीचे वरून चकचकीत आणि जवळजवळ उघडे.

वांगी-टोमॅटो लावणाऱ्यांनी तर ही ओळख नक्की करून घ्यावी. या फुलांचे पराग नळीसारख्या परागकोशात असतात आणि टोकाच्या छिद्रातून हादऱ्याने बाहेर पडतात. कार्पेंटर बी आणि पोटावर निळे पट्टे असलेली लहान माशी फुलाला धरून अंग थरथरवतात व पराग झाडतात. मधपेटीतल्या माशीला हे जमत नाही, त्यामुळे पेट्या ठेवूनही यांची उणीव भरून निघत नाही.

घाटेअळीने नुकसानीची पातळी ओलांडली तर फवारणी टळत नाही. ती उन्हे उतरल्यावर, माश्या फुलांवरून गेल्यावर करा. बांधावरचे चार-दोन वाळके बांबू मात्र सरपणात घालू नका.