हाल होऊन गेलेल्याचं काय?

माझगावात मुसलमानांची दोन मोठी कब्रस्तानं आहेत. नारियलवाडीचं सुन्नींचं, रहमताबादचं शियांचं. आगाखानी खोजांचे धर्मगुरू, पहिले आगाखान हसन अली शाह १८८१ मध्ये वारले, त्यांचा मकबरा हसनाबादही इथलाच. नेसबिट रोडवरचं प्रिन्स अली खान हॉस्पिटल १९४५ पासून २०२२ पर्यंत चाललं आणि शेवटची कित्येक वर्षं ते कॅन्सरच्या उपचारांसाठी ओळखलं जाई. म्हणजे लांबलेलं दुखणं, जीवघेण्या वेदना आणि दफन हे सगळं या एवढ्याशा वस्तीत पायी अंतरावर होतं.

कुणी हाल हाल होऊन गेलं की आपल्याकडे दोनच वाक्यं तोंडात येतात. ‘सुटला बिचारा’ आणि मागाहून, जरा हळू आवाजात, ‘कुठल्या जन्मीचं फेडत होता कोण जाणे’. इस्लाममध्ये मागचा जन्म नाही, त्यामुळे हे दुसरं खातं उघडायची सोयच नाही. मग चांगल्या माणसाच्या वाट्याला वाईट मरण का येतं, याचा हिशेब कुठे लावायचा? याचं उत्तर धर्मग्रंथात एका जागी लिहून ठेवलेलं नाही. ते आजारपणापासून शोकापर्यंतच्या वागण्यात विखुरलेलं आहे, म्हणून त्याच क्रमाने बघत गेलेलं बरं.

सुरुवात आजारपणाची. मुसलमानाला साधा काटा रुतला तरी त्याबदल्यात त्याचे काही गुन्हे माफ होतात, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं परंपरेने आलेलं वचन, आहे, आणि आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस तीच सांगून धीर देतो. कुणी म्हणेल, म्हणजे दुखणं ही शिक्षाच झाली की. पण याच शिकवणुकीचा दुसरा भाग असा की सगळ्यात कठीण परीक्षा पैगंबरांच्या वाट्याला येतात, मग त्यांच्या खालोखाल जे नेक असतील त्यांच्या. हजरत अय्यूब यांचं नाव अशा वेळी हटकून निघतं. घरदार, मुलंबाळं, अंगावरची धड कातडी, सगळं गेलं. कुराणातले अय्यूब तक्रार करत नाहीत, पण गप्पही बसत नाहीत. मला त्रास होतोय आणि तुझ्याइतका दयाळू कुणी नाही, एवढं ते अल्लाला सांगतात. सब्र, म्हणजे धीर धरणं, हे दातओठ खाऊन सोसणंच, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. इथे कण्हायला बंदी नाही.

खुद्द पैगंबर मुहम्मद ६३२ मध्ये मदिनेत वारले ते सुखासुखी नव्हे. दोन माणसांना मिळून चढेल एवढा ताप आपल्या एकट्याला चढतो, असं त्यांनी एका साथीदाराला सांगितलं होतं. शेवटच्या घटकांत शेजारी पाण्याचं भांडं होतं. त्यात हात बुडवून ते तोंडावरून फिरवत आणि मरणाला यातना असतातच, असं म्हणत. त्यांचं डोकं त्या वेळी पत्नी आयेशा यांच्या छातीशी टेकलेलं होतं. त्यानंतर कुणाचं मरण सहज आलं म्हणून मला त्याचा हेवा वाटला नाही, असं आयेशांनी पुढे सांगितलं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात कामाची साक्ष हीच. पैगंबरच जर असे गेले, तर यातना बघून माणसाची प्रत ठरवता येत नाही.

कुराणात याच्या उलट वाटणारी आयतही आहे. माणसावर येणारी संकटं त्याच्याच हातची कमाई असते आणि अल्ला त्यातलं पुष्कळ माफ करतो, अशा अर्थाची. जाणते मौलवी ती झाकून ठेवत नाहीत. ती स्वतःकडे बघताना वापरायची, शेजारच्या खाटेकडे बोट दाखवायला नाही, एवढाच दंडक ते घालून देतात.

सोसायचं म्हणजे उपचार सोडायचे, असाही याचा अर्थ नाही. इसवी सन ६३९ च्या सुमारास शाम देशात, म्हणजे सीरिया-पॅलेस्टाइनच्या भागात, अमवासची प्लेगची साथ आली. खलिफा उमर तिकडेच निघाले होते, ते वाटेतून परतले. अल्लाने लिहिलेल्या नशिबापासून पळता काय, असं सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं. एका नशिबाकडून दुसऱ्या नशिबाकडे जातोय, तेही त्यानेच लिहिलेलं आहे, असं उमर यांचं उत्तर. अबू उबैदा स्वतः त्याच साथीत गेले, आणि त्यांच्याबद्दलही कुणी वावगं बोललं नाही.

हा जुना वाद माझगावच्या आसपास नव्याने झाला तो १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांना प्लेगचा रोगी सापडल्यावर. १८९७ च्या जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली प्लेगवरची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक भेदरलेले होते. तेव्हा विशीच्या आसपासच्या तिसऱ्या आगाखानांनी चारचौघांत ती टोचून घेतली, तीही एकदा नव्हे. त्यांच्यामागे हजारो खोजांनी दंड पुढे केले. पण १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला तपासून न्यायला सरकारी पथक आलं, तेव्हा दंगल पेटली. त्या दंगलीला नशिबावरची श्रद्धा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. मला त्यात परक्या पुरुषांनी घरात घुसण्याची चीड जास्त दिसते.

प्लेगने मेलेल्याला हदीसमध्ये शहीद म्हटलं आहे. ही यादी वाचून अनोळखी माणूस चक्रावतो, कारण तिच्यात तलवार जवळजवळ नाहीच. साथीत गेलेला, पोटाच्या विकाराने गेलेला, बुडालेला, जळालेला, बाळंतपणात गेलेली बाई आणि भिंत किंवा घर अंगावर पडून गेलेला. ज्या मरणांना आपण अपघाती, अकाली, वाईट म्हणतो, नेमकी तीच इथे मानाच्या पंगतीला बसवली आहेत. माझगावला यातली शेवटची नोंद पुस्तकी वाटू नये. २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मार्केटची महापालिकेची इमारत कोसळली आणि ६१ माणसं गेली. मात्र मेलेल्याला शहीद म्हटलं म्हणून मारणारा सुटत नाही. मृताचा दर्जा हा एक हिशेब आणि हलगर्जीपणाचा गुन्हा दुसरा. शरियतीत नकळत झालेल्या मृत्यूचीही भरपाई द्यावी लागते.

दर्जाही दोन प्रकारचा. रणात पडलेल्या शहिदाला आंघोळ घालत नाहीत, रक्ताच्या कपड्यांतच पुरतात. साथीत किंवा ढिगाऱ्याखाली गेलेल्याला परलोकात शहिदाचा मान, पण इथे त्याचे सगळे विधी चारचौघांसारखे. त्यातला पहिला गुसल, म्हणजे मय्यतीची आंघोळ.

आजारपणात देहाचे जे काही हाल झालेले असतात ते इथे उघडे पडतात. पाठीला बेडशीटचे वळ, सुयांनी काळेनिळे झालेले हात, कधी पाठीवरच्या जखमा. आधी डोळे मिटतात, हनुवटी फडक्याने डोक्याशी बांधतात. गुसल देणारा नाभीपासून गुडघ्यापर्यंत कापड ठेवतो आणि त्याखाली हात घालताना हाताला कापड गुंडाळतो. पाणी कोमट, त्यात बोरीची पानं, शेवटच्या पाण्यात कापूर. शियांकडे तीन पाण्यांचा क्रम ठरलेला आहे, आधी बोरीच्या पानांचं, मग कापराचं, मग साधं. पोटावरून हात फिरवायचा तो हलका, कारण मेलेल्याचं हाड मोडणं जिवंत माणसाचं हाड मोडण्यासारखंच मानलं आहे. आणि अंगावर जे काही दिसेल ते बाहेर बोलायचं नाही. चेहरा काळवंडला होता, तोंड वाकडं झालं होतं, असल्या गोष्टींवरूनच लोक मरणाचा निकाल लावतात. ती वाट गुसल देणाऱ्याच्या तोंडाशीच बंद केली आहे. मग कफन, पुरुषाला तीन कापडं, बाईला पाच.

२०२० च्या टाळेबंदीत हे सगळंच अडलं. ३० मार्चला महापालिकेने फर्मान काढलं की कोविडने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कुठलाही असो, दहनच करायचं. ते त्याच दिवशी मागे घेतलं गेलं आणि मे महिन्यात उच्च न्यायालयानेही दफनाला हरकत नसल्याचं सांगितलं. पण पिशवी उघडता येत नव्हती. काही उलेमांनी वाट काढली ती तयम्मुमची. पाणी नसेल तेव्हा कोरड्या मातीवर हात टेकवून शुद्धी करतात, ती पिशवीवरूनच करायची. ज्यांना आपल्या बापाला शेवटची आंघोळ घालता आली नाही, त्यांना साथीत गेलेला शहीद ही जुनी हदीस त्या वर्षी नव्याने कळली असेल.

जनाजाची नमाज उभ्यानेच होते, तिच्यात वाकणं नाही की सजदा नाही. तकबीर, म्हणजे ‘अल्लाहू अकबर’चा उच्चार, नारियलवाडीत चार वेळा, रहमताबादेत पाच. मूठमूठ माती टाकून लोक पांगतात.

आता रडण्याचं. पैगंबरांचा मुलगा इब्राहिम तान्ह्या वयात, दीड वर्षाच्या आसपासचा असताना गेला. ते रडले. आपणही रडता, असं कुणी विचारलं, तेव्हा ही दया आहे असं ते म्हणाले. डोळे पाझरतात, काळीज दुखतं, जिभेने मात्र अल्लाला न आवडणारं बोलायचं नाही. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोकांत कुजबुज सुरू झाली की मुलाच्या मरणाने सूर्य झाकोळला. दुसरा कुणी असता तर त्याने ती चालू दिली असती. त्यांनी बाहेर येऊन सांगितलं की कुणाच्या मरणाने किंवा जन्माने सूर्यचंद्राला ग्रहण लागत नसतं. छाती पिटणं, कपडे फाडणं सुन्नी परंपरेने निषिद्ध मानलं ते याच वळणावर.

आणि तरीही मोहरमच्या दहाव्या दिवशी डोंगरी-भेंडी बाजारच्या बाजूने निघालेला जुलूस छाती पिटत जे. जे. नाक्यावरून माझगावच्या रहमताबादेत येतो. रस्त्याच्या कडेला सबीलवर, म्हणजे पाणपोईवर, पाणी आणि सरबत वाटलं जातं, कारण करबलाच्या लढाईत पैगंबरांचे नातू इमाम हुसैन यांच्या तळाचं पाणीच शत्रूने तोडलं होतं. ६१ हिजरी, म्हणजे १० ऑक्टोबर ६८०. परंपरा सांगते की हुसैन यांच्या बाजूला बहात्तर माणसं होती. भाऊ अब्बास फरात नदीवर पाणी आणायला गेले, त्यांचे दोन्ही हात तोडले. सहा महिन्यांच्या अली असगरला बापाच्या हातांत असताना बाण लागला. मजलिसीत, म्हणजे शोकसभेत, झाकिर, म्हणजे कथन करणारा, हे एकेक मरण इतक्या बारकाव्याने सांगतो की ऐकणाऱ्याला ते सहन होत नाही. शिया हे विसरू देत नाहीत. पाती मारून रक्त काढण्याला त्यांच्यातल्याच अनेक मोठ्या धर्मगुरूंचा विरोध आहे आणि त्याऐवजी रक्तदान करणारेही आता बरेच आहेत. शोक मात्र कुणी सोडलेला नाही.

का, ते करबलानंतर कुफा शहराच्या दरबारात घडलेल्या प्रसंगाने कळतं. कैद करून आणलेल्या हुसैन यांच्या बहिणीला, झैनब यांना, सुभेदार इब्न झियादने विचारलं, अल्लाने तुझ्या घराण्याचं काय केलं ते पाहिलंस ना? करबलाचा अर्थ ईश्वरी निकाल असा लावणारा पहिला माणूस हा मारणाराच होता. झैनब म्हणाल्या, मला त्यात चांगल्याखेरीज काही दिसलं नाही. मग त्याने हुसैन यांच्या आजारी मुलाला नाव विचारलं. अली, असं उत्तर आलं. इब्न झियाद म्हणाला, हुसैनच्या अलीला तर अल्लाने मारलं ना? मुलगा म्हणाला, माझा एक भाऊही अलीच होता, त्याला माणसांनी मारलं.

राहिला अली असगरचा प्रश्न, म्हणजे निष्पाप मुलाच्या यातनांचा. त्यावर पंडितांनी डोकं फोडलं आहे. मुअतझिला पंथाचं म्हणणं, ईश्वर न्यायी आहे, म्हणून मुलाच्या, एवढंच काय जनावराच्याही दुःखाची भरपाई त्याला करावी लागते. शियांनीही न्याय, अदल, हे धर्माच्या पाच मुळांपैकी एक मानलं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीची एक गोष्ट सांगतात. अशअरी यांनी आपले मुअतझिली गुरू जुब्बाई यांना तीन भावांबद्दल विचारलं. एक नेक म्हणून मेला, एक पापी म्हणून आणि एक लहानपणीच. लहानग्याने विचारलं, मला वाढू का दिलं नाहीस, मीही नेकी केली असती? गुरू म्हणाले, अल्ला सांगेल, तू मोठा होऊन पाप करणार हे मला ठाऊक होतं, तुझ्या भल्यासाठीच उचललं. मग नरकातून पापी ओरडेल, अशअरी म्हणाले, तर मग मलाही लहानपणीच का नाही मारलंस? जुब्बाई गप्प झाले. अशअरी यांनी पंथ सोडला आणि ईश्वराच्या करणीला आपल्या तराजूत तोलता येत नाही, अशी भूमिका घेतली. सुन्नी जगात पुढे तीच रुजली. मला ही गोष्ट आवडते, पण अशअरींच्या उत्तराने मूल गमावलेल्या आईच्या हाती काय लागतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

तिच्यासाठी दुसरी तजवीज आहे. ६२९ मध्ये मूताच्या लढाईत पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर असेच गेले, पुतण्या अब्बाससारखे दोन्ही हात तुटून. बातमी आली तेव्हा पैगंबरांनी जाफरच्या मुलांना जवळ घेतलं, आणि मग लोकांना सांगितलं, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण बनवा, त्यांच्यावर असं ओढवलंय की त्यांना चूल सुचायची नाही. मुंबईत आजही मय्यतीच्या घरी तीन दिवस नातेवाइकांकडून, शेजारपाजारच्या घरांतून जेवण येतं. तिथे भेटायला गेलात तर शेवटी फार हाल झाले का, हे विचारू नये. सब्राचे दोन शब्द बोलावेत, सांगितलंच तर ऐकून घ्यावं, आणि डबा रिकामा कधी मिळेल याची घाई करू नये.