ई-मेलची दैनिक मर्यादा मध्यरात्री का संपत नाही?

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. १९३५ साली स्थापन झालेले हे मंडळ शहरातील मराठी समाजाच्या जुन्या संस्थांपैकी एक होय. अशा संस्थांचे सभासद शहरभर आणि नोकरीनिमित्त देशभरही विखुरलेले असतात. त्यामुळे वार्षिक सभेची सूचना ई-मेलने पाठविणे सोयीचे ठरते. मात्र एकाच संध्याकाळी सर्वांना ती पाठवू गेल्यास निम्म्याहून अधिक सभासद सूचनेवाचून राहू शकतात आणि मग सभेच्या वैधतेवरच प्रश्न उपस्थित होतो.

याचे कारण बाहेर जाणाऱ्या पत्रांवरील मर्यादेत आहे. जीमेलच्या विनामूल्य खात्यातून दिवसाला सुमारे ५०० जणांना पत्र पाठविता येते. गूगलच्या संस्थांसाठी असलेल्या सशुल्क सेवेत ही मर्यादा २,००० पत्रांची आहे. शिवाय पत्ते स्वतंत्रपणे मोजले जातात. एकाच पत्रावर शंभर पत्ते घातल्यास मोजणीत ते शंभरच धरले जातात. मर्यादा ओलांडणाऱ्याचे पत्र पाठविणे काही काळ, साधारणपणे २४ तासांपर्यंत, बंद केले जाते.

बहुतेकांची गफलत होते ती ‘दिवस’ या शब्दापाशी. या सशुल्क सेवेत आणि इतर अनेक सेवांत दिवस मध्यरात्री बदलत नाही. प्रत्येक क्षणी मागील २४ तासांत किती पत्रे गेली, एवढेच पाहिले जाते. समजा, मर्यादा ५०० पत्त्यांची आहे व सभासद १,२०० आहेत. सोमवारी सायंकाळी सहा ते आठ या वेळेत ५०० सूचना गेल्या. मंगळवारी सकाळी नव्या दिवसाच्या भरवशावर पुन्हा सुरुवात केली, तर एकही पत्र जाणार नाही. मंगळवारी सायंकाळी सहानंतर, आदल्या दिवशीचे एकेक पत्र २४ तासांचे होईल तसतशी एकेक जागा मोकळी होते. आठपर्यंत दुसरी पाचशे पत्रे जातात. उरलेल्या २०० सभासदांना बुधवारची सायंकाळ उजाडते!

काही सेवा वेगावरही बंधन घालतात. अ‍ॅमेझॉनच्या ई-मेल सेवेत नव्या खात्याला चाचणीच्या काळात २४ तासांत २०० पत्रे आणि सेकंदाला एक पत्र एवढीच मुभा असते. वेगाचा हिशेब ठेवण्याची एक प्रचलित रीत नळाखालच्या बादलीसारखी आहे. बादलीत ठराविक गतीने परवाने पडत राहतात, प्रत्येक पत्र एक परवाना घेऊन जाते. बादली भरलेली असेल तर थोडी पत्रे झपाट्याने जातात. ती रिकामी झाली की नळाच्या गतीनेच चालावे लागते.

पत्र स्वीकारणारा सर्व्हरही गर्दी नाकारू शकतो. त्याचे उत्तर ४ या अंकाने सुरू झाले तर नकार तात्पुरता असतो, ५ ने सुरू झाले तर कायमचा. तात्पुरत्या नकारानंतर पत्र रांगेत थांबते. २००८ च्या मानकानुसार पुढील प्रयत्न सामान्यतः किमान अर्ध्या तासाने करावा आणि चार-पाच दिवस तरी चिकाटी सोडू नये. म्हणजे ‘पाठविले’ असे दिसणारे पत्र प्रत्यक्षात वाटेतच असू शकते.

हा जाच अकारण नाही. टपालाला तिकीट लागते, ई-मेलला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अर्पानेट जाळ्यावर एका संगणक कंपनीची जाहिरात सुमारे ४०० जणांना न मागता गेली होती. पुढे चोरलेल्या खात्यांतून असे पत्रांचे लोंढे वाहू लागले. मर्यादा असली की खाते चोराच्या हाती लागले तरी नुकसान काही शे पत्रांवर थांबते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या ग्राहकांना दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना ओळख सिद्ध करण्याचे आणि एका क्लिकवर नाव वगळण्याची सोय देण्याचे बंधन घालण्यात आले आहे.

मंडळासारख्या संस्थेची पत्रसंख्या एवढी मोठी सहसा नसते. तिला अडवितात ते २४ तासच. म्हणून सूचनेच्या मुदतीचे दिवस सभेच्या तारखेपासून मागे मोजताना पहिले नव्हे, तर शेवटचे पत्र जाण्याचा दिवस धरावा लागतो.