मोटर रिकामी फिरतानाही वीज कुठे जाते? कोअर लॉस समजून घेऊया

फोन खिशात नुसता पडून असला तरी बॅटरी उतरते, कारण बॅकग्राउंडला ॲप्स चालू असतात. इंडक्शन मोटरचंही तसंच आहे. पिठाच्या गिरणीची मोटर घ्या. दळण नसताना ती नुसती फिरत असली तरी वीज खाते. थोडी वीज घर्षणात आणि पंख्यात जाते, थोडी तांब्याच्या तारेत, आणि एक मोठा वाटा लोखंडात. या शेवटच्या वाट्याला कोअर लॉस म्हणतात.

लोखंडात वीज जाते कशी? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे कोअरमधलं चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं. प्रत्येक वेळी लोखंड थोडा विरोध करतं आणि तापतं. हा हिस्टेरिसिस लॉस. चार्ल्स स्टाइनमेट्झने १८९२ मध्ये त्यासाठी सूत्र मांडलं: हा लॉस चुंबकीय घनतेच्या साधारण १.६ व्या घातानुसार वाढतो. दुसरा प्रकार एडी करंटचा. बदलत्या चुंबकत्वामुळे लोखंडातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात. म्हणून कोअर सलग ठोकळ्याची नसते. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या, इन्सुलेशनचा थर दिलेल्या पत्र्या एकावर एक रचतात. वर्कशॉपमध्ये यांना स्टॅम्पिंग म्हणतात. पत्र्याची जाडी निम्मी केली की एडी लॉस एक चतुर्थांश होतो!

आता मॉडेल. इंजिनिअर हा सगळा पसारा एका रेझिस्टरमध्ये बसवतात. मला ही युक्ती फार आवडते. समजा १० एचपीची, डेल्टा जोडणीची, ४१५ व्होल्टची मोटर आहे आणि तिचा कोअर लॉस २०० वॅट. मग प्रत्येक फेजला साधारण २,६०० ओहमचा रेझिस्टर समांतर जोडलाय असं धरायचं. हे २०० वॅट काढायचे कसे? मोटर रिकामी चालवून व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि वॅट लिहून घेतात. तारेतला लॉस वजा करून उरलेल्या वॅटचा व्होल्टेजच्या वर्गाशी आलेख काढला की शून्य व्होल्टला जे उरतं ते घर्षण आणि पंखा. बाकीचा कोअर लॉस.

कंट्रोलमध्ये याचा थेट उपयोग होतो. ड्राइव्हच्या मॉडेलमध्ये हा रेझिस्टर नसेल, तर लोखंडात गेलेला करंटही टॉर्क देतोय असं त्याला वाटतं आणि हिशोब थोडा चुकतो. रेझिस्टर माहीत असेल तर हलक्या लोडला ड्राइव्ह चुंबकत्व कमी करून वीज वाचवू शकतो. फार कमी केलं तर मात्र टॉर्कसाठी जादा करंट लागतो आणि तार तापते. अचानक लोड आला तर मोटर अडखळते ती वेगळीच.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते रिवाइंडिंग. जळालेली वाइंडिंग व्हार्निशमुळे दगडासारखी घट्ट बसलेली असते. ती सुटावी म्हणून काही ठिकाणी थेट जाळ लावतात. त्यात पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि पत्र्या एकमेकींना चिकटतात. कोअर लॉस दुप्पट झाला, तर आपल्या मॉडेलमधला रेझिस्टर १,३०० ओहमवर येतो. रोज ८ तास चालणाऱ्या गिरणीला महिन्याला सुमारे ४८ युनिट जादा. शिवाय नवी वाइंडिंग त्या उष्णतेत लवकर जाते, आणि लोक दोष तारेला देतात.

एक अडचण आहे. बिघाड एकाच जागी असेल तर एकूण वॅट फारसे वाढत नाहीत, त्यामुळे मॉडेलला तो दिसत नाही. तिथे लूप टेस्ट लागते: रोटर काढून कोअरभोवती तारेचे काही वेढे घ्यायचे, त्यांना एसी द्यायचा, वॅट मोजायचे आणि कुठला भाग जास्त तापतो ते बघायचं. ही टेस्ट जुनी वाइंडिंग काढण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा करून घ्या आणि आकडे बिलावर लिहून मागा. नुसता क्लॅम्प मीटर लावून ‘अँपिअर बरोबर आहेत’ असं कोणी सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका. रिकाम्या मोटरचा बहुतेक करंट चुंबकत्व तयार करण्यातच जातो, त्यामुळे कोअर लॉस दुप्पट झाला तरी अँपिअरमध्ये फरक जेमतेम दिसतो.