सर्पगंधा, मेंदू आणि मन

मन मेंदूच्या आधाराने चालते, असे आपण सहज बोलून जातो. पण घरात कोणाचे मन बिघडले म्हणजे नेमके तेवढेच विसरतो. ताप आला तर डॉक्टर आणि माणूस एकटाच बोलू लागला की देवऋषी! भानामतीच्या नावाखाली मराठवाड्यात कितीएक स्त्रियांचे हाल झाले, हे येथे निराळे सांगावयास नको. म्हणून मन आणि मज्जासंस्था यांचे नाते एका वनस्पतीच्या निमित्ताने पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

औरंगपुऱ्यात भाजीमंडईपाशी रस्ता ओलांडताना मागून कर्कश भोंगा वाजतो. आपण झटकन बाजूला होतो. आपण घाबरलो, हे मागाहून कळते. कानातली वर्दी मज्जातंतूंवरून मेंदूत गेली, तेथून स्नायूंना हुकूम सुटला, छाती धडधडू लागली. भीती मनाची आणि धडधड शरीराची खरी. पण दोहोंचा कारभार एकाच यंत्रणेकडे असतो.

या मेंदूत सुमारे 8,600 कोटी मज्जापेशी आहेत. पेशीतून संदेश विजेच्या लहरीसारखा धावतो. मात्र बहुतेक ठिकाणी दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. ती ओलांडावयास रासायनिक दूत लागतात. हे दूत पेशीच्या टोकाशी इवल्या पिशव्यांत साठविलेले असतात. लहर येताच ते बाहेर पडतात आणि पुढच्या पेशीला चेतवितात किंवा आवरतात. डोपामिन व सेरोटोनिन ही त्यांतलीच नावे.

आता सर्पगंधेकडे वळू. उन्मादावर तिचे मूळ देण्याचा आपल्याकडील प्रघात जुना आहे. 1931 साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरील तिचा उपयोग नोंदविला. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरील अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. 1952 साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले; 1954 साली न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचा गुण नोंदविला. पुढे उलगडले ते असे की, रिसर्पिन दूतांच्या पिशव्या भरूच देत नाही. 1957 साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना डोपामिन ज्यापासून बनते ते द्रव्य दिले, तेव्हा ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. या दिशेच्या कार्याबद्दल त्यांना 2000 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग मन म्हणजे नुसती रसायनेच काय? तसेही नाही. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आहेत. त्यावरून खिन्नता म्हणजे अशा दूतांची तूट, असे अनुमान निघाले. पुढील संशोधनात ते अपुरे ठरले. कारण पेशींमधील जोड अनुभवानेही बदलतात. पाढे पाठ करताना ते बदलतात, आघाताने बदलतात, तसेच धीराच्या, जाणत्या संवादानेही बदलतात. म्हणूनच औषध आणि संवाद हे परस्परांचे वैरी नव्हेत; दोघांचेही काम मेंदूतच चालते.

सर्पगंधेचे मूळ घरच्या घरी उगाळून द्यावे, असा याचा अर्थ कोणी करू नये. तिची मात्रा चुकली तर अपाय होतो. घ्यावयाचे ते एवढेच की, मनाचा आजार हे पाप नव्हे, करणी नव्हे, दुबळेपणाही नव्हे. घाटी रुग्णालयात आपण मोडलेला हात घेऊन जसे निःसंकोच जातो, तसेच थकलेले मन घेऊनही जाता आले पाहिजे.