‘घरीच हाय’

हिंगोली जिल्ह्यात बेकार पोरगा कुठंही दिसतो. एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर, अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर, पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना. त्याच्याच वयाची आणि त्याच्याइतकीच शिकलेली पोरगी मात्र सहसा दिसत नाही. वसमतला मी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते, म्हणून माझ्यासमोर दोघंही येतात. ‘सध्या काय करायलास?’ असं विचारलं की पोरगा म्हणतो, ‘भरतीची तयारी करायलो.’ हे उत्तर तो सत्ताविसाव्या वर्षीही देतो आणि घरचे ऐकून घेतात. पोरीला विचारलं तर तिच्याआधी सोबतची आईच बोलते, ‘घरीच हाय.’

सरकारी आकडे वाचताना मला ही दोन उत्तरं आठवतात. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचे आकडे २०२५ पासून दर महिन्याला येऊ लागले. त्यातला पहिला महिना एप्रिल. त्या महिन्यात १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर देशभरात १३.८ टक्के होता. शहरांत तरुणींचा दर २३.७ आणि तरुणांचा १५. खेड्यांत मात्र उलटं: पोरांचा १३, पोरींचा १०.७. वरवर वाचलं तर वाटावं, खेड्यातल्या पोरींचं बरं चाललंय.

तसं नाही. सर्वेक्षणवाले मागच्या आठवड्याचं विचारतात. त्या आठवड्यात एक तासभर जरी काम केलं, अगदी घरच्या रानात बिनपैशाचं केलं, तरी माणूस रोजगारात धरला जातो. काम नाही, पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो बेरोजगार. शोधतही नाही आणि तयारही नाही, तो हिशेबातूनच बाहेर.

आता हळदीचे दिवस घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडं घराघरात हळद काढणं, शिजवणं, वाळवणं चालू असतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीचं संशोधन केंद्रही इथंच आहे. अशा वेळी बी.ए. झालेली पोरगी बापाच्या रानात मातीतले गड्डे मोडत बसलेली असते. ती रोजगारात. हंगाम सरला की धुणं, भांडी, पाणी, म्हातारीचं औषध; आता ती श्रमशक्तीबाहेर. बेरोजगार ती दोन्ही वेळा नाही. पोरगाही सोयाबीनच्या राशीला हात लावतो आणि त्या आठवड्यापुरता तोही रोजगारात जातो. पण रास झाली की तो पुन्हा ‘तयारी करायलो’ म्हणतो आणि बेरोजगारांत मोजला जातो. मोजण्याच्या या रीतीला दोष देण्यात अर्थ नाही. पण एकटा बेरोजगारीचा दर घेऊन पोरापोरींची तुलना करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

खरा फरक दुसऱ्या आकड्यात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं मानव विकास संस्थेबरोबर २०२४ मध्ये भारताच्या रोजगारावर अहवाल काढला. नोकरीत नाही, शिक्षणात नाही, प्रशिक्षणातही नाही, असे तरुण २०२२ मध्ये ९.८ टक्के होते. तरुणी ४८.४ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या.

बायका कामात वाढल्या, हेही खरंच आहे. १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. पण त्याच काळात खेड्यातल्या कामकरी बायकांमध्ये ‘स्वयंरोजगार’वाल्यांचं प्रमाण ५७.७ वरून ७३.५ टक्क्यांवर गेलं. या स्वयंरोजगारात घरचं रान आणि गोठाही येतो. त्यातल्या कितीजणींच्या हातात पैसा पडतो, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारावं.

पोरांचं सुख आहे, असं मुळीच नाही. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. नोकरी नाही म्हणून लग्न जुळत नाही, हे दुखणं आमच्याकडं गावागावात आहे. पोरीच्या बापाला जावयाची जमीन हवी असते, पण जावई शेतात नको असतो. तरी पोराची तयारी पाच-सहा वर्षं चालते; खोलीचं भाडं, मेसचे पैसे घरून येतात. पोरीला मिळतो एखादा प्रयत्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. भरतीत महिलांना ३० टक्के जागा राखीव आहेत, धावायचंही ८०० मीटरच, पोरांना १६००. पण अंधारात रस्त्यावर सराव करायचा तर मागून भाऊ मोटारसायकल घेऊन यायला पाहिजे, आणि भाऊ रोज उठत नाही.

एसटीचं तिकीट २०२३ पासून बायकांना अर्धं झालं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. दोन्ही चांगलंच झालं. पण क्लास सुटल्यावर गावाकडं जाणारी शेवटची गाडी निघून गेलेली असेल, तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय?

आणि लग्न झालेल्या पोरींची आणखी एक अडचण मला दुकानात बसून दिसते. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मग विवाह नोंदणीचा दाखला नाहीतर राजपत्र. नॉन-क्रिमिलेअरला उत्पन्न धरतात आईवडिलांचं, नवऱ्याचं नाही, म्हणून बापाला तहसीलला धाडावं लागतं. सासू विचारते, एवढ्या खटपटीनं नोकरी लागणार आहे का? लागेलच असं मलाही सांगता येत नाही. मी तिला शेवटची तारीख सांगते आणि दाखला निघायला किती दिवस लागतात तेही सांगते.